टर्मिनलचा फॉन्ट: आधी मिलिमीटर, मग नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवा १४ इंची लॅपटॉप, पडदा २८८० × १८०० पिक्सेलचा. टेबलावर २७ इंची फोर-के मॉनिटर. जुन्या १०८०पी (१९२० × १०८०) मॉनिटरवर वर्षानुवर्षं वापरलेला टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा, फॉन्ट लॅपटॉपवर मुंगीएवढा दिसतो, मोठा केला तर फिका वाटतो, आणि मोठ्या मॉनिटरवर तोच किंचित धूसर येतो. दहा-बारा फॉन्ट बदलून झाले. आता नक्की कुठला घ्यावा?

माझे दिवसाचे सात-आठ तास टर्मिनलसमोर जातात आणि गेली वीसेक वर्षं हेच काम आहे, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे. फॉन्टच्या नावांकडे मी शेवटी येतो. बारीक दिसणं हा मापाचा प्रश्न आहे, धूसर दिसणं हा स्केलिंगचा (पडद्यावरचं सगळं ठरावीक पटीत मोठं करण्याचा), आणि फिकं दिसणं हा रेघेच्या जाडीचा. या तिन्ही तक्रारी एकत्र कालवल्या की माणूस फॉन्ट बदलत राहतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

मापापासून सुरुवात करू. फॉन्टचं माप आपण पॉइंटमध्ये सांगतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, म्हणजे कागदावर हे लांबीचं माप आहे. पडद्यावर मात्र संगणक एका इंचात किती पिक्सेल हे मोजत नाही, गृहीत धरतो. विंडोज आणि बहुतेक लिनक्स डेस्कटॉप इंचाला ९६ पिक्सेल धरतात, म्हणून तिथे १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल. मॅक ७२ धरतो, म्हणून तिथे १२ पॉइंट म्हणजे १२ पिक्सेल. कुणी सांगितलेला आकडा आपल्याकडे लावला की अक्षर वेगळंच येतं, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

आपल्या पडद्याची खरी घनता काढायला शाळेतला पायथागोरस पुरतो: आडव्या पिक्सेलांचा वर्ग अधिक उभ्या पिक्सेलांचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, भागिले कर्णाचे इंच. २४ इंची १०८०पी पडद्याला हा आकडा ९२ येतो. तुमच्या २७ इंची फोर-केला १६३, आणि लॅपटॉपला २४३. म्हणजे १६ पिक्सेलचा फॉन्ट जुन्या मॉनिटरवर ४.४ मिलिमीटरचा होता, फोर-केवर तो २.५ मिलिमीटरचा झाला आणि लॅपटॉपवर १.७ चा. यात फॉन्टचा काही दोष नाही.

मग किती मोठं हवं? डोळ्याला मिलिमीटर कळत नाहीत, कोन कळतो. पडद्यांसाठीच्या आयएसओ ९२४१ या मानकमालेत मोठ्या अक्षराची उंची डोळ्याशी किमान १६ कोनीय मिनिटं (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि शक्यतो २० ते २२ मिनिटं कोन करणारी असावी, असं धरलं आहे. लॅपटॉप साधारण ५० सेंटिमीटरवर असतो, तिथे २० मिनिटं म्हणजे २.९ मिलिमीटर. मॉनिटर ७० सेंटिमीटरवर असेल तर ४.१ मिलिमीटर. हे इंग्रजी मोठ्या अक्षराचं माप झालं, आणि पुष्कळ कोडिंग फॉन्टांत मोठं अक्षर फॉन्टच्या मापाच्या ७३ टक्क्यांच्या आसपास उंच असतं. १६ ते २० मिनिटांसाठी गणित पुढे नेलं की लॅपटॉपवर ३१ ते ३८ पिक्सेल आणि मॉनिटरवर २९ ते ३६ पिक्सेल एवढा फॉन्ट लागतो. लॅपटॉपची घनता जास्त आहे, पण तो जवळ आहे, त्यामुळे दोन्हीकडे पिक्सेलांचा आकडा जवळपास सारखाच आला. विंडोज किंवा लिनक्सवर लॅपटॉपचं स्केलिंग २०० टक्के असेल तर हे १२ ते १४ पॉइंट होतात, मॉनिटरचं १५० टक्के असेल तर साडेचौदा ते १८.

एवढं गणित नको असेल तर साधी पट्टी पडद्याला लावा आणि मोठ्या अक्षराची उंची मोजा. मी नव्या यंत्रावर अजूनही हेच करतो. सहकाऱ्यांच्या पडद्यांवर मोजलं तेव्हा अनेकांची अक्षरं दीड-दोन मिलिमीटरचीच निघाली. त्यांना वाटत होतं डोळ्यांचा नंबर वाढलाय.

मोठ्या मापाने ओळी आणि रकाने कमी पडतील ही भीती असते. ३२ पिक्सेलच्या फॉन्टची एक चौकट, म्हणजे एका अक्षराची जागा, सुमारे १९ पिक्सेल रुंद असते. त्या हिशेबाने लॅपटॉपवर १५१ रकाने बसतात आणि मॉनिटरवर २०२. म्हणजे मॉनिटरवर शंभर-शंभर रकान्यांच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी आरामात राहतात. ऐंशी रकान्यांच्या सवयीतून आलेल्या माणसाला हे भरपूर आहे.

आता धूसरपणा. एकच फॉन्ट लॅपटॉपवर स्वच्छ आणि मॉनिटरवर धूसर दिसत असेल तर फॉन्ट निर्दोष आहे. चित्र कुठेतरी ताणलं किंवा आक्रसलं जातंय. विंडोजवर जुने प्रोग्राम स्वतः घनता ओळखत नाहीत. त्यांचं चित्र लहान आकारात रंगवून मग ताणून मोठं केलं जातं. त्या प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली उच्च डीपीआयची (इंचाला पिक्सेलांची) सेटिंग असते, तिथे स्केलिंग प्रोग्रामकडे सोपवता येतं. लिनक्सवर वेलँडमध्ये (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेत) जुन्या एक्स-पद्धतीचा प्रोग्राम एक्सवेलँड या पुलावरून चालत असेल आणि स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असेल तर हाच प्रकार होतो. उपाय म्हणजे थेट वेलँडवर चालणारा टर्मिनल घेणं. फूट, किटी, अलाक्रिटी, ग्नोम आणि केडीईचे टर्मिनल हे सगळे तसे चालतात. शुद्ध एक्सवर असाल तर एक्सरिसोर्सेस फाइलमध्ये एक्सएफटीच्या (अक्षरं रंगवणाऱ्या भागाच्या) डीपीआयला खरा आकडा द्या आणि स्केलिंगला हात लावू नका.

मॅकची गोष्ट वेगळी. तो एकपट किंवा दुप्पट एवढंच रंगवतो. २७ इंची फोर-के मॉनिटरवर '२५६० × १४४०सारखं' हा पर्याय निवडला तर मॅक आधी ५१२० × २८८० चं चित्र बनवतो आणि ते ३८४० × २१६० मध्ये आक्रसून बसवतो. सिनेमा बघताना फरक कळत नाही, पण टर्मिनलच्या बारीक उभ्या रेघांत कळतो. '१९२० × १०८०सारखं' निवडलं की बरोबर दुप्पट होतं आणि अक्षर कातरल्यासारखं स्वच्छ येतं. बाकीचं सगळं मोठं दिसतं, पण टर्मिनलमध्ये फॉन्ट लहान करून जागा परत मिळवता येते.

तपासायची सोपी रीत: टर्मिनलचा स्क्रीनशॉट घ्या आणि आठपट मोठा करून बघा. अक्षराच्या कडेला एका पिक्सेलची करडी झालर असेल तर ठीक. दोन-तीन पिक्सेल रुंद चिखल असेल तर चित्र ताणलेलं आहे. मॅकवर ही रीत चालत नाही, कारण तिथे स्क्रीनशॉट आक्रसण्याआधीच्या चित्राचा निघतो.

धूसरपणाचं आणखी एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही ते केबलचं. पांढरी अक्षरं काळ्यावर स्वच्छ, पण लाल अक्षरं निळ्यावर किंवा काळ्यावर पसरलेली, असं दिसलं तर फॉन्ट, स्केलिंग सगळं सोडा. जुन्या एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पूर्ण रंगासह जात नाही, त्यासाठी २.० लागतं. वाहिनी अपुरी पडली की काही यंत्रं रंगाची माहिती निम्मी किंवा पाव करून पाठवतात. उजेडाची माहिती पूर्ण असते म्हणून पांढरं-काळं छान दिसतं. टर्मिनलमध्ये चूक लाल, इशारा पिवळा, फोल्डर निळं असं सगळंच रंगीत, त्यामुळे ही खोट तिथे सर्वांत आधी दिसते. मी स्वतः एकदा दोन आठवडे फॉन्ट बदलण्यात घालवले आणि शेवटी डिस्प्लेपोर्टची केबल लावल्यावर दोन मिनिटांत सुटलं. मॉनिटर म्हणून टीव्ही वापरत असाल तर त्याची शार्पनेस सेटिंगही बघा. ती वाढवलेली असली की प्रत्येक अक्षराभोवती प्रभावळ येते.

आता जुना फॉन्ट इतका चांगला का दिसायचा आणि आता का नाही, याकडे येऊ. १३ ते १६ पिक्सेलच्या मापात छोट्या इंग्रजी अक्षराच्या वाट्याला उंचीत सात-आठ पिक्सेल यायचे. उभी रेघ एक पिक्सेल. ती दोन पिक्सेलांच्या मध्ये पडली तर दोन करड्या रेघा दिसणार, म्हणून फॉन्टमध्येच सूचना लिहिलेल्या असायच्या की या मापाला ही रेघ या पिक्सेलवर ओढून बसवा. याला हिंटिंग म्हणतात. विंडोजवरच्या कन्सोलासमध्ये क्लिअरटाइप ही विंडोजची अक्षरं रंगवण्याची पद्धत डोळ्यांसमोर ठेवून हे काम फार मेहनतीने केलेलं आहे. बिटमॅप फॉन्टांत तर प्रत्येक मापाचा प्रत्येक पिक्सेल माणसाने हाताने ठेवलेला असायचा. म्हणजे आपल्याला आवडलेलं अक्षर पुष्कळदा त्या फॉन्टचं मूळ वळण नव्हतंच, ते पिक्सेलच्या जाळीत बसवलेलं त्याचं रूप होतं. आता ३२ पिक्सेलला जाळी इतकी बारीक झाली की मूळ वळण दिसायला लागलं. नाव तेच असलं तरी अक्षर तुम्ही पहिल्यांदाच पाहताय.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, उच्च घनतेवर जोरकस हिंटिंग नको. लिनक्सच्या फॉन्टकॉन्फिग या फॉन्टच्या सेटिंगमध्ये ते 'स्लाइट' ठेवा किंवा बंद करा. सबपिक्सेल रंगवणंही (पिक्सेलमधले लाल, हिरवे, निळे भाग सुटे वापरणं) बंद केलं तरी चालतं. साधारण नजरेला एका कोनीय मिनिटापेक्षा लहान तपशील वेगळा दिसत नाही. ५० सेंटिमीटरवर ही मर्यादा इंचाला १७५ पिक्सेलच्या आसपास येते आणि ७० वर १२५ च्या. तुमचे दोन्ही पडदे त्यापलीकडे आहेत, म्हणजे करड्या छटांचं साधं अँटी-अलायझिंग (कडा मऊ करणं) पुरेसं आहे. मॅकने २०१८ च्या मोहावेपासून सबपिक्सेल पद्धत सोडूनच दिली. ओएलईडी पडद्यांवर तर ती बंदच ठेवावी, कारण त्यांच्या उपपिक्सेलांची मांडणी पुष्कळदा नेहमीच्या लाल-हिरवा-निळा पट्ट्यांची नसते आणि अक्षरांना रंगीत कडा येतात.

दुसरी गोष्ट बिटमॅप फॉन्टांची. एक्सटर्म या जुन्या टर्मिनलचा मूळचा ६ × १३ चा 'फिक्स्ड' तुमच्या लॅपटॉपवर १.४ मिलिमीटर उंच येईल, तो वाचण्याच्या पलीकडचा आहे. टर्मिनस हा बिटमॅप फॉन्ट मात्र १६ × ३२ पर्यंत मिळतो आणि त्या मापात तो आजही वापरण्याजोगा आहे. माझं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे आणि अनेक वर्षं माझा तोच फॉन्ट होता. पण मधली मापं मोजकी, ठळक सोडून वजनाचे पर्याय नाहीत, आणि तिरप्या रेघांच्या पायऱ्या १६३ घनतेवर लक्ष देऊन पाहिलं तर जाणवतात.

फिकेपणाचं काय? मला वाटतं उच्च घनतेच्या पडद्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारी सेटिंग हीच आणि सर्वांत दुर्लक्षितही हीच. जुन्या पडद्यावर अक्षर कितीही लहान असलं तरी हिंटिंगमुळे रेघ निदान एक पूर्ण पिक्सेल असायची, म्हणजे ०.२८ मिलिमीटर. आता तसं बंधन नाही. साधारण वजनाच्या फॉन्टात रेघेची जाडी मापाच्या सात ते नऊ टक्के धरली तर ३ मिलिमीटरच्या फॉन्टची रेघ ०.२४ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि 'लाइट' वजन घेतलं तर आणखी बारीक. त्यात गडद पार्श्वभूमीची भर. कडेच्या अर्धवट भरलेल्या पिक्सेलला बहुतेक प्रोग्राम आकड्यांतली मधली किंमत देतात. २५५ आणि ० यांच्या मधली १२८ ही किंमत पडद्यावर अर्ध्या उजेडाची नसते, साधारण एकपंचमांश उजेडाची असते. त्यामुळे काळ्यावरची पांढरी रेघ कडांनी झिजते आणि पांढऱ्यावरची काळी रेघ कडांनी फुगते. एकच फॉन्ट उजळ थीममध्ये भरीव आणि गडद थीममध्ये अशक्त दिसतो तो यामुळे.

म्हणून गडद थीम वापरत असाल तर 'रेग्युलर'ऐवजी 'मीडियम' वजन लावून पाहा, म्हणजे ४०० ऐवजी ५००. हा एक बदल दहा फॉन्ट बदलण्यापेक्षा जास्त फरक पाडतो. उजळ थीमला ४०० ठीक, काही फॉन्टांना ३५० सुद्धा. व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलमध्ये सगळी वजनं) असेल तर मधल्या किमतीही मिळतात. मॅकवरच्या आयटर्म-२ टर्मिनलमध्ये बारीक रेघांचा पर्याय आहे, तो गडद थीमवर बंद करून बघा. किटीमध्ये अक्षर आणि पार्श्वभूमी यांचं मिश्रण कसं करायचं याचीच सेटिंग आहे. मूळ वजन वाढवलं की ठळक अक्षरही तपासा. ५०० आणि ७०० यांत फरक कमी पडतो, म्हणून फॉन्टमध्ये ८०० असेल तर ठळकसाठी ते लावा. ठळक म्हणजे फक्त उजळ रंग, ही जुनी सवय अनेक टर्मिनलांत अजून चालू असते. आता पिक्सेल पुरेसे आहेत, खरं ठळक अक्षर दिसू द्या. त्याच फॉन्टचं घडवलेलं ठळक रूप बसवलेलं आहे ना, एवढं मात्र पाहा. नसेल तर टर्मिनल मूळ अक्षरच सरकवून दोनदा रंगवतो आणि आतल्या पोकळ्या भरून जातात.

चौकटीच्या रुंदीबद्दल थोडं. टर्मिनल प्रत्येक अक्षराला पूर्ण पिक्सेलांची चौकट देतो. जेटब्रेन्स मोनो, सोर्स कोड प्रो, फिरा मोनो यांची रुंदी मापाच्या ०.६ पट आहे. १४ पिक्सेलला ती ८.४ येते, मग टर्मिनल ८ करतो किंवा ९, म्हणजे अक्षरं पाच टक्के दाटतात किंवा सात टक्के विरळ होतात. १५ ला बरोबर ९ येतात. 'मला १५ लाच छान दिसतं' असं पुष्कळ लोक सांगायचे त्यामागे हे होतं. २८ पिक्सेलला १६.८ चे १७ होतात आणि फरक एक टक्क्याच्या आसपास राहतो. उच्च घनतेचा हा मोठा फायदा आहे: कुठलंही माप निवडा, अक्षरांमधलं अंतर फॉन्ट घडवणाऱ्याने ठरवलं होतं तसंच येतं. कन्सोलास ०.५५ आणि आयोसेव्का, इनकन्सोलाटा ०.५ वर आहेत, म्हणजे त्याच मापात जास्त रकाने बसतात. उभ्या दोन-तीन खिडक्या लावणाऱ्याला लॅपटॉपवर हा फरक मोलाचा.

माप सारखं असलं तरी दोन फॉन्ट लहान-मोठे दिसतात ते छोट्या अक्षरांच्या उंचीमुळे. जेटब्रेन्स मोनो आणि देजाव्हू सान्स मोनोमध्ये ही उंची मापाच्या ०.५५ पट आहे, सोर्स कोड प्रोमध्ये ०.४९ च्या जवळ, कुरिअर न्यूमध्ये फक्त ०.४२. ३२ पिक्सेलला पहिल्याचं छोटं अक्षर साडेसतरा पिक्सेल उंच, शेवटच्याचं साडेतेरा. टर्मिनलमधला बहुतेक मजकूर छोट्या अक्षरांतच असतो, तेव्हा फॉन्टांची तुलना करताना पॉइंट सारखे ठेवू नका, छोट्या अक्षराची उंची सारखी करा आणि मग बघा.

यानंतरचा निकष मी कधीच सोडत नाही: एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं. काही वर्षांपूर्वी एका रात्री दोन सर्व्हरांच्या नावांत माझी गल्लत झाली. एकाच्या नावाच्या शेवटी इंग्रजी एकचा अंक होता, दुसऱ्याच्या शेवटी छोटं 'एल'. थकलेले डोळे, लहान माप, आणि त्या फॉन्टात दोन्ही जवळजवळ सारखे. चालू यंत्रावरची सेवा मी बंद केली आणि ती परत उभी राहीपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेव्हापासून नवा फॉन्ट लावला की पहिली ओळ मी हीच टाइप करतो: शून्य, मोठा ओ, छोटा ओ. एक, छोटा एल, मोठा आय, उभी रेघ. आठ आणि मोठा बी. पाच आणि मोठा एस. 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी, आणि त्यांच्यापुढे 'एम'. मग बॅकटिक आणि एकेरी अवतरण, टिंब आणि स्वल्पविराम, गोल कंस आणि महिरपी कंस, उणे आणि लाटेचं चिन्ह. यातली एक जोडी जरी हातभर अंतरावरून चटकन वेगळी कळली नाही तर फॉन्ट कितीही देखणा असो, तो बाद.

लिगेचर, म्हणजे दोन-तीन चिन्हं जोडून एक बाण किंवा 'बरोबर नाही'ची खूण दाखवणं, टर्मिनलमध्ये बंद ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. एडिटरमध्ये ज्याची त्याची आवड. टर्मिनलमध्ये मात्र फाइलमध्ये जी चिन्हं आहेत तीच, तेवढीच आणि तिथेच दिसली पाहिजेत. म्हणूनच कॅस्केडिया कोडबरोबर लिगेचर नसलेला कॅस्केडिया मोनो दिला जातो.

ओळींमधलं अंतर दहा टक्क्यांनी वाढवलं तर लांब लॉग वाचणं सुखाचं होतं, पण चौकटी काढणाऱ्या रेघांच्या चिन्हांत फटी पडू शकतात. किटी, वेझटर्म, फूट, विंडोज टर्मिनल यांच्या नव्या आवृत्त्या ही चिन्हं फॉन्टमधून न घेता स्वतः रंगवतात, तिथे ही अडचण येत नाही. प्रॉम्प्टमध्ये (आज्ञेआधी दिसणाऱ्या मजकुरात) चित्रखुणा हव्या असतील तर नर्ड फॉन्ट्स या खुणा घातलेल्या फॉन्टांच्या 'मोनो' प्रकारात त्या एका चौकटीत बसवून लहान केलेल्या असतात, साध्या प्रकारात मोठ्या पण शेजारच्या चौकटीत घुसणाऱ्या. उच्च घनतेवर लहान खुणाही स्पष्ट दिसतात, मी 'मोनो' घेतो.

आता नावं. तुमच्या जागी मी आधी जेटब्रेन्स मोनो लावेन. २०२० मध्ये आलेला हा फॉन्ट उंच छोटी अक्षरं, भरीव रेघ आणि वजनाची पूर्ण रांग घेऊन येतो. लॅपटॉपवर १२ पॉइंट, मॉनिटरवर १५, गडद थीमला मीडियम. तो रुंद वाटला तर आयोसेव्का, पण त्याचं माप एक-दोन पॉइंट वाढवून, नाहीतर अरुंद अक्षरं उंच काठ्यांसारखी दिसतात. शांत, मोकळं पान आवडत असेल तर सोर्स कोड प्रो. २०१२ पासून तो आहे आणि मला तो उजळ थीमवर जास्त आवडतो, गडदवर त्याला मीडियम लागतंच. देजाव्हू सान्स मोनो आणि मॅकवरचा मेन्लो एकाच कुळातले, दोन्ही बिट्स्ट्रीम व्हेरापासून आलेले. दिसायला जुने वाटतात, पण वाचायला आजही पहिल्या रांगेत. विंडोजवर काहीच बसवायची परवानगी नसेल तर विंडोज टर्मिनलबरोबर येणारा कॅस्केडिया मोनो घ्या. कुरिअर न्यू मात्र सोडा. त्याची रेघ मुळातच बारीक आहे आणि जास्त पिक्सेल मिळाल्यावर ती आणखी स्पष्टपणे बारीक दिसते.

निवडलेला फॉन्ट पहिल्या तासात पारखू नका. सवय मोडल्याचा त्रास आणि फॉन्टचा दोष पहिल्या दिवशी सारखेच वाटतात. तीन दिवस खऱ्या कामात ठेवा. लॉग, फाइलींमधले फरक, मॅन्युअलची पानं, प्रक्रियांची यादी, सगळं त्यात वाचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, डोळे दमलेले असताना ठरवा.

ग्राफिक पडदा सुरू होण्याआधीचा लिनक्सचा कन्सोल वेगळाच. तिथे हे फॉन्ट चालत नाहीत, फक्त बिटमॅप. मूळचा ८ × १६ चा फॉन्ट तुमच्या लॅपटॉपवर दिसलाच तर सेटफॉन्ट आज्ञेने टर्मिनसचा १६ × ३२ लावा. डेबियन घराण्यात ही निवड कन्सोल-सेटअपमध्ये कायमची करता येते, सिस्टमडीवाल्या इतर वितरणांत व्हीकन्सोलच्या कॉन्फ फाइलमध्ये. या कन्सोलच्या फॉन्टात २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या मावतात, त्यामुळे तिथे देवनागरी जोडाक्षरांची अपेक्षा ठेवू नका.

ग्राफिक टर्मिनलमध्ये मात्र देवनागरी वाचायला लागतेच. फाइलींची नावं, कमिटचे (कोडमधल्या बदलांच्या नोंदींचे) संदेश, मराठी मजकुराचा डेटा. इथे उच्च घनतेचा फायदा इंग्रजीपेक्षा देवनागरीला जास्त होतो. १६ पिक्सेलच्या उंचीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार बसवला की मधल्या अक्षराला सात-आठ पिक्सेल उरतात. त्यात 'द्ध', 'ह्म', 'ष्ट्य' यांचा गोळा होतो. ३२ पिक्सेलला त्यांची वळणं पहिल्यांदा सुटी दिसतात.

आधी उल्लेख केलेल्या कोडिंग फॉन्टांत देवनागरी नाही. टर्मिनल ती दुसऱ्या फॉन्टातून उसनी घेतो: विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित, जे सापडेल ते. तो निर्णय यंत्रावर सोडू नका. किटीमध्ये युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा एका ठरावीक फॉन्टला जोडता येतो, वेझटर्ममध्ये पर्यायी फॉन्टांची क्रमवार यादी देता येते, लिनक्सवर बाकीच्यांसाठी फॉन्टकॉन्फिग आहे. इंग्रजीला मीडियम घेतलं असेल तर देवनागरीचंही मीडियम जोडा, नाहीतर ओळीतली मराठी पुसट वाटते.

फॉन्ट बदलून न सुटणारी अडचणही इथेच आहे. टर्मिनल चौकटींवर चालतो आणि देवनागरी अक्षरांवर. 'क्षि' हे आपल्यासाठी एक अक्षर, संगणकासाठी चार संकेत: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी, आणि ती शेवटची वेलांटी दिसायला सर्वांत आधी हवी. याला किती चौकटी द्यायच्या यावर टर्मिनल आणि आत चाललेला प्रोग्राम यांचा हिशेब जुळला नाही की कर्सर भलतीकडे दिसतो आणि खोडताना वेगळंच अक्षर जातं. एमएलटर्म हा टर्मिनल भारतीय लिप्यांचा विचार करून बनवलेला आहे. इतर टर्मिनलांत आवृत्तीगणिक फरक पडतो, म्हणून निवडण्याआधी 'क्षितिज', 'वर्षानुवर्षे', 'उद्ध्वस्त' आणि 'ज्योत्स्ना' हे चार शब्द टाइप करा, कर्सर मागे नेऊन मधलं एक अक्षर खोडा, परत लिहा. 'वर्षानुवर्षे'मध्ये शेवटच्या अक्षरावर रफार आणि मात्रा एकत्र येतात. त्यांचा वरचा भाग कापला जात असेल तर ओळीची उंची १.१ पासून वाढवत न्या. विंडोज टर्मिनलमध्ये हीच सेटिंग चौकटीच्या उंचीच्या नावाने आहे. माझ्या मॉनिटरवर ती १.२५ वर थांबली.